गावितचा बिबट्या थायलंडात

थायलंडला जाऊन आलो म्हटलं की आमच्या नाशिक रोडला माणसं एक डोळा बारीक करतात. "काय सर, एकटेच? वहिनींना नाही नेलं?" असं विचारून वर हसतात. त्यांची निराशा करायला मला आवडतं. मी समुद्र पाहिला नाही, हत्तीवर बसलो नाही, मसाजच्या दुकानाची पायरी चढलो नाही. कोरात भागातल्या एका लहान शहरात, एका भाषाशाळेच्या मागच्या खोलीत बसून मी अठ्ठावीस दिवस इंग्रजी शब्दांचं पुस्तक तयार केलं. 'सी', 'लुक', 'वॉच' या तिन्हींचा अर्थ बघणं, मग कुठं कुठला वापरायचा? 'से' आणि 'टेल' वेगळे कसे? 'हाउस' कशाला म्हणायचं आणि 'होम' कशाला? असे एका कुळातले शब्द थाई मुलांना समजावून सांगणारं पुस्तक. एवढं सांगितलं की बारीक झालेला डोळा पुन्हा मोठा होतो आणि समोरचा माणूस कांद्याच्या भावाकडे वळतो.

ज्यांना कांद्याचा भाव नको आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोष्ट कडू आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

निघण्याआधी

हे पुस्तक मुळात दोघांचं. एक मी, नाशिक रोडच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून दोन हजार दोनच्या मार्चमध्ये निवृत्त झालेला. दुसरा गावित, पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतला शिक्षक, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. नव्वदीच्या मध्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी व्याख्यान द्यायला पेठला गेलो होतो. मी फळ्यावर 'सी' आणि 'लुक'च्या व्याख्या लिहिल्या. मागच्या बाकावरून हा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या पोरांना असं नाय कळायचं. त्यांना मराठीच दुसरी भाषा हाय. इंग्रजी तिसरी."

"मग कसं कळेल?" मी जरा घुश्शातच विचारलं.

तो पुढं आला आणि त्यानं बिबट्याची गोष्ट सांगितली. मी डोंगराच्या वाटेनं चाललो होतो, बिबट्या आडवा गेला. मी बघायला गेलो नव्हतो, तो दिसला. हे 'सी'. भाऊ मागून ओरडला, 'तिकडं बघ!' मी मान वळवली. हे 'लुक'. तो परत येईल म्हणून आम्ही झाडावर बसून गोठ्यावर नजर ठेवली. हे 'वॉच'. सगळा वर्ग ते वहीत उतरवायला लागला. माझ्या व्याख्या फळ्यावर तशाच राहिल्या.

त्यानंतर सात-आठ वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गावित पेठहून एसटीनं यायचा. पिशवीत घरचा तांदूळ, वही आणि डोक्यात नवी गोष्ट. शब्दांची जुळवाजुळव माझी, अर्थ माझे, पण प्रसंग सगळे त्याचे. त्याच्या प्रत्येक प्रसंगाच्या कडेला मी खूण म्हणून 'गा' लिहायचो. मी त्याला नुसतं गावित म्हणायचो, तो मला सर. आठ वर्षांत त्यात बदल झाला नाही, आणि मला तो करावासाही वाटला नाही.

पुस्तक छापायला इथं कुणी तयार होईना. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी, संजय, मदतीला आला. तो बँकॉकला एका कापडवाल्याकडे नोकरीला होता. त्याच्या ओळखीच्या एका बाईंची भाषाशाळा होती आणि त्यांना नेमकं असं पुस्तक हवं होतं. मी तिथं जाऊन थाई शिक्षिकेबरोबर ते थाई मुलांसाठी बसवून द्यायचं, ते पुस्तक छापणार. माझ्या निरोपसमारंभात मी हे जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. गावित शेवटच्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांत जास्त वेळ तोच टाळ्या वाजवत होता.

निघायच्या दिवशी तो सीबीएस बसस्थानकावर आला, नागलीच्या पापडांचा डबा घेऊन. मी पिशवीतून हस्तलिखित काढलं. पहिल्या पानावर मी शाईच्या पेनानं इंग्रजीत दोन्ही नावं लिहिली होती.

"बघ, आधी तुझं," मी म्हणालो.

"नको सर. शेवटी टाका कुठंतरी, बारीक अक्षरात."

"गप रे. दोन्ही नावं येणार. शब्द देतो."

पाण्यात

मी त्या गावी उतरलो तो नेमका सोंगक्रानचा दिवस. एप्रिलच्या मध्याला त्यांचं नवं वर्ष असतं आणि ते एकमेकांना पाण्यानं भिजवून साजरं करतात. आमच्या नाशिकला रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उड्या मारतात, तेव्हा आपल्याला काय नवल, अशा तोऱ्यात मी बसमधून उतरलो. पण रहाडीपाशी आपण आपल्या पायांनी जातो. इथं रहाड चालत आपल्याकडे येते. एक म्हातारी, माझ्या आईच्या वयाची, हसत हसत आली, दोन्ही हात जोडून वाकली आणि बर्फाच्या पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. पाठोपाठ एक टेम्पो आला. त्यात पिंप होतं आणि बारा पोरं. पाच मिनिटांत माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून निळं पाणी गळायला लागलं.

मला घ्यायला शाळेतली शिक्षिका आली होती, ख्रू मालई. ख्रू म्हणजे शिक्षक, तिकडं ते नावाच्या आधी लावतात. चाळिशीची, बारीक चणीची, अत्यंत हळू बोलणारी बाई. गळणारी पिशवी बघून तिचं हसू मावळलं. तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पानं इस्त्री करून आणली. तिनं आणि तिच्या आईनं एकेक पान फडक्याखाली ठेवून वाळवलं होतं. आतली पानं बॉलपेनची असल्यामुळं वाचली. पहिल्या पानाची शाई पसरली होती, तरी नावं वाचता येत होती.

"हे एक पान तुम्ही नवं लिहा," ती इंग्रजीत म्हणाली.

मी कोरा कागद घेतला. शाळेच्या मालकीणबाई अकरा वाजता भेटायला येणार होत्या. संजयनं त्यांना मी प्रोफेसर आहे असं सांगितलं होतं आणि मी ते खोडून काढलं नव्हतं. हे दुसरं नाव कुणाचं, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? पेठ? आश्रमशाळा? डोंगरातला मास्तर? प्रोफेसरच्या शेजारी ते शोभेल का? ही मोजदाद मी केली, आणि शांत डोक्यानं केली. वर मनाशी म्हणालो, गावित इथं कुठं बघायला येणार आहे. नंतर कुठंतरी शेवटी, बारीक अक्षरात टाकू. त्याचंच तर म्हणणं होतं.

कागदावर मी माझं नाव लिहिलं. खाली बरीच जागा उरली.

काचेची भिंत

शाळा मुख्य रस्त्यावर होती आणि तिची पुढची भिंत अख्खी काचेची होती. आपल्याकडे मिठाईचं दुकान असतं तशी. मला आधी कौतुक वाटलं, वर्गात उजेड किती! त्या काचेचा खरा उपयोग मला तिसऱ्या दिवशी कळला.

सुट्टीचे वर्ग सुरू झाले आणि पहिला तास मला दिला. मुलं बूट बाहेर काढून आली, हात जोडून वाकली आणि अशी शांत बसली की आमच्या दहावी 'क'ची आठवण येऊन मला गहिवरून आलं. मी 'हाउस' आणि 'होम' घेतलं. गावितचा प्रसंग होता: दिवाळीनंतर आमच्या डोंगरातली माणसं दिंडोरीला द्राक्षबागांत कामाला जातात. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, तिथंच चूल मांडतात, तिथंच पोरं झोपवतात. ते 'हाउस'. आणि होळीला ज्या गावी परत येतात ते 'होम'. मालई थाईत सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज जरा अडखळला.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात होती, सोंगक्रानला चार दिवस येऊन कालच परत गेली होती. मुलगी म्हणाली, "माय मदर हॅज हाउस इन बँकॉक. होम इज मी." आणि खाली बसली.

वाक्य व्याकरणात बसत नव्हतं. तीस वर्षांत एवढं बरोबर उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

तास संपल्यावर मालकीणबाई आल्या. नीटनेटक्या, सुवासिक, बोलणं तुपातलं. माझी फार स्तुती केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही मागच्या खोलीत आराम करा, प्रोफेसर. तिथं पंखा मोठा आहे. वर्ग डॅरन घेईल."

डॅरन हा तेवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन. पाठीवर पिशवी टाकून आशिया बघायला निघालेला आणि खर्चाला कमी पडलं म्हणून इथं थांबलेला. स्वभावानं चांगला पोरगा, उगाच खोटं कशाला बोलू. मी त्याला 'से' आणि 'टेल'मधला फरक विचारला. त्यानं डोकं खाजवलं, हसला, आणि कानाला जे बरं वाटेल ते वापरायचं, असं म्हणाला. पण त्याचे केस पिवळे होते आणि डोळे निळे. संध्याकाळी आईबाप मुलांना न्यायला यायचे तेव्हा काचेतून ते केस बाजारपेठेच्या टोकापर्यंत दिसायचे. मी काचेआड उभा असताना एका बापानं मालकीणबाईंना विचारलं होतं म्हणे, हा शिकवणार असेल तर आमच्या पैशांचं काय?

मी मागच्या खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी डॅरननं माझ्याच कागदावरून बिबट्याची गोष्ट सांगितली. मुलं हसली, दचकली, टाळ्या वाजवल्या. मी दाराच्या फटीतून ऐकत होतो. कुणाचीतरी वस्तू कुणीतरी तिसराच मिरवतोय, असा राग माझ्या मस्तकात गेला. राग कुणाचा यायला हवा होता ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

मालईचं घर

दुपारचं जेवण मालईच्या घरी असायचं. शाळेच्या मागच्या गल्लीत, लाकडी खांबांवर उभं घर, खाली गारव्याला तिची आई बसलेली. बांबूच्या करंडीत चिकट भात असतो. त्याचा बोटांनी गोळा करायचा आणि बुडवून खायचा. चमचे-काटे बघून धसका घेतलेल्या मला हायसं वाटलं. आई दगडी खलात मिरची आणि लसूण कुटायची तो आवाज ऐकून वाटायचं, घरीच आहे. मग ती त्यात सडवलेल्या माशाचं पाणी ओतायची आणि मी एकदम परदेशात यायचो. पहिले चार दिवस माझ्या पोटानं ते पाणी ठेवून घेतलं नाही. म्हातारीनं नंतर गुपचूप माझ्यासाठी वेगळा ठेचा करायला सुरुवात केली, नुसत्या मिठाचा. एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

ही त्यांची रीतच. समोरच्याला अवघड वाटेल असं तोंडावर बोलायचं नाही. नाही म्हणायचं असेल तर हसायचं. मी मालकीणबाईंना दोनदा विचारलं, पुस्तकावर नाव माझंच येईल ना? दोन्ही वेळा त्या इतक्या गोड हसल्या की मी निर्धास्त झालो. जन्मभर 'बघू' हे उत्तर ऐकून नकार ओळखायला शिकलेला माणूस मी. हसण्याला फसलो.

पुस्तकाचं काम मात्र सुरेख चाललं होतं. मालई एकेक प्रसंग थाईत उतरवायची आणि मला वाचून अर्थ सांगायची. नागलीच्या जागी तिनं भात घातला, द्राक्षबागेच्या जागी उसाचं शेत. बिबट्या तसाच ठेवला. एकदा तिनं कडेच्या खुणेवर बोट ठेवलं. तिला देवनागरी येत नव्हती, पण ते चिन्ह पुन्हा पुन्हा दिसत होतं.

"हे काय?"

"काही नाही. माझी खूण आहे," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि पुढचं पान घेतलं.

पुस्तक

निघायच्या दोन दिवस आधी पुस्तकं छापून आली. गठ्ठा माझ्यासमोर सोडला. मुखपृष्ठावर काचेची भिंत होती आणि तिच्यापुढं हात बांधून, दात दाखवत डॅरन उभा होता. त्याच्या फोटोखाली त्याचं नाव. आत उलटून पाहिलं. पहिल्या पानावर नाही, शेवटच्या नाही, माझं नाव कुठंही नाही. मालईचंही नाही.

मी मालकीणबाईंकडे गेलो आणि आवाज चढवला. तिकडं आवाज चढवणं म्हणजे भर बाजारात सदरा काढण्यासारखं आहे. शाळेतली सगळी माणसं जमिनीकडे बघायला लागली. बाई मात्र हसतच होत्या.

"पुस्तक छानच झालंय, प्रोफेसर. पण लोक चेहरा बघून घेतात."

"लिहिलं मी!"

"हो ना," त्या म्हणाल्या. "आम्ही तुमचे फार आभारी आहोत."

डॅरनला बिचाऱ्याला तर काही माहीतच नव्हतं. फोटो काढायचा म्हणून बोलावलं, तो उभा राहिला. त्यानं माझी माफी मागितली आणि कॉफी पाजू का म्हणून विचारलं. त्याच्यावर धड चिडताही येईना.

मी तणतणत मालईच्या घरी गेलो. तिच्या आईनं पाणी दिलं. मी मालईला म्हणालो, "तुझंही नाव खाल्लं त्यांनी. तुला राग येत नाही?"

"मला त्या शाळेत काम करायचं आहे," ती म्हणाली. बराच वेळ ती पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग नेहमीपेक्षाही हळू आवाजात बोलली. मला ती अजान म्हणायची, म्हणजे गुरुजी. "अजान, एक विचारू? पहिल्या दिवशी मी ते ओलं पान वाळवलं. त्यावर दोन नावं होती. तुम्ही नवं लिहिलं त्यात एक होतं."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला दुःख होईल. ते दुसरे... वारले का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. जिवंत माणसाचं नाव काढायला दुसरं काय कारण असू शकतं, हे ती मनापासून शोधत होती. मग ते तिला सापडलं असावं, कारण तिनं नजर खाली घेतली आणि ती हसली. त्या हसण्याचा अर्थ एव्हाना मला कळत होता.

निघताना म्हातारीनं माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मालई बसपर्यंत आली, हात जोडून वाकली. पुन्हा या, असं मात्र म्हणाली नाही.

पेठ

परत आल्यावर महिनाभर मी गावितला टाळलं. दुसरा शनिवार आला तेव्हा घरी पाहुणे आहेत म्हणून कळवलं. शेवटी जूनमध्ये मीच एसटीत बसलो. घाट चढून गाडी वर आली की हवा बदलते, लोक बदलतात, बोली बदलते. आठ वर्षं हा माणूस दर महिन्याला हा घाट उतरून माझ्याकडे येत होता आणि मी मात्र त्या प्रशिक्षणानंतर पहिल्यांदाच तिथं चाललो होतो. थायलंडला जाण्याआधी एकदा इथं यायला मला काय झालं होतं?

गावित अंगणातच होता, पेरणीची तयारी चाललेली. मला बघून धावत आला, हात धुवायलाही थांबला नाही. मी पुस्तक काढून दिलं. हात पँटला पुसून त्यानं ते घेतलं आणि मुखपृष्ठाकडे बघत राहिला.

"ह्यो कोण सर?"

"तिथला शिकवणारा. त्यांना गोरा चेहरा लागतो."

त्यानं पानं उलटली. थाई अक्षरं त्याला येणार नव्हती, पण चित्रं होती. बिबट्याचं चित्र आलं तसा तो मोठ्यानं हसला आणि बायकोला हाक मारली. "अगं ये, बघ! आपला बिबट्या पार परदेशात जाऊन आला!" ती आली, पदराला हात पुसत वाकून चित्र बघितलं, "लय बेस काढलाय," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मग तो पहिल्या पानावर आला. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. मी वाट बघत होतो. हीच ती वेळ होती. खरं सांगायला मला चार वाक्यं लागली असती, आणि बसमध्ये मी ती पाठही केली होती.

"नावं नाय आली का सर?"

"दोन्ही काढली त्यांनी," मी म्हणालो.

गावितनं पुस्तक मिटलं. मग त्यानं चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. "माझं जाऊ द्या सर. माझं काय. पण तुमचं तरी ठेवायचं होतं. एवढ्या लांब जाऊन उन्हातान्हात खपलात तुम्ही. लय वाईट केलं त्यांनी."

तो आत गेला आणि पेन घेऊन आला. ओट्यावर बसून पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर, आश्रमशाळेच्या फळ्यावर काढतात तशा ठसठशीत अक्षरांत, माझं नाव लिहिलं. खाली बरीच जागा उरली. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"शाळेच्या कपाटात ठेवतो," तो म्हणाला. "पोरांना कळायला नको, कुणी लिहिलं?"

आतून चहा आला. मी तो घेतला, आणि त्याला काही सांगितलं नाही.